शिर तुटले, तरी कोंबडा दीड वर्ष जगला कसा?

मोबाइलवर वरचेवर एक जुने कृष्णधवल छायाचित्र फिरत असते. एक कोंबडा ताठ उभा आहे, पाय भक्कम रोवलेले, छाती भरदार. आणि मान जिथे संपते तिथे चोच नाही, डोळे नाहीत, तुरा नाही. खाली ओळ असते, ‘मुंडके छाटल्यावरही हा कोंबडा अठरा महिने जगला’. बहुतेक जण हसून ते पुढे पाठवतात, काही जण संगणकावरची करामत म्हणून पुसून टाकतात. छायाचित्र बनावट नाही आणि कोंबडा खरोखरच तेवढा जगला. चूक आहे ती ‘मुंडके छाटल्यावर’ या दोन शब्दांत, आणि ती चूक समजून घेतली की जिवंत कोणाला म्हणायचे आणि मृत कोणाला, या बऱ्याच मोठ्या प्रश्नापर्यंत वाट जाते.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात फ्रूटा नावाचे गाव आहे. नाव फळबागांवरून पडलेले. तिथे लॉइड ऑल्सन आणि त्यांच्या पत्नी क्लारा कोंबड्या पाळत असत. १० सप्टेंबर १९४५ रोजी, म्हणजे दुसरे महायुद्ध संपून जेमतेम आठवडा उलटला असताना, लॉइड यांनी साडेपाच महिन्यांच्या एका वायनडॉट जातीच्या कोंबड्यावर कुऱ्हाड चालवली. का चालवली याच्या दोन हकिकती आहेत. एका हकिकतीप्रमाणे सासूबाई जेवायला होत्या आणि त्यांना कोंबड्याची मान फार आवडे, म्हणून जावयाने मान जास्तीत जास्त लांब राहील असा बेताने वर घाव घातला. आपल्याकडे जावई आला की कोंबडा कापतात. तिथे हे उलटे झाले, म्हणूनही ही हकिकत आपल्या वाचकांना गोड वाटेल. दुसरी हकिकत ऑल्सन यांच्या घरातून आलेली आणि अधिक रुक्ष आहे. त्या दिवशी नवराबायको मिळून बाजारासाठी चाळीस-पन्नास कोंबड्या कापत होते, आणि त्यांतली एक काही केल्या मरेना. मला ही दुसरी अधिक विश्वासार्ह वाटते, कारण तिच्यात विनोदासाठी काही जोडल्याची खूण नाही.

रात्री त्या कोंबड्याला सफरचंदाच्या एका जुन्या खोक्यात ठेवले. सकाळी पाहतात तो जिवंत! लॉइड इतर कोंबड्यांचे मांस घेऊन बाजाराला निघाले, तेव्हा त्यांनी यालाही बरोबर नेले आणि ‘माझ्याकडे बिनडोक्याचा जिवंत कोंबडा आहे’ अशी पैज लावून लोकांकडून बिअर मिळवू लागले. बातमी पसरली. सॉल्ट लेक सिटीहून होप वेड नावाचा खेळ-तमाशे भरवणारा माणूस आला, त्याने कोंबड्याला यूटा विद्यापीठात तपासून घ्यायला लावले आणि मग गावोगावच्या जत्रांतून पंचवीस सेंटच्या तिकिटावर त्याचे दर्शन सुरू झाले. ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली. कोंबड्याला नाव मिळाले माईक. त्याला अन्न भरवण्याची रीत अशी: डोळ्यांत औषध घालण्यासाठी वापरतात तशा नळीने द्रवरूप अन्न आणि पाणी थेट उघड्या अन्ननलिकेत सोडायचे, आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी साचणारा चिकट द्रव पिचकारीने ओढून काढायचा. या सेवेवर अडीच पौंडांचा कोंबडा वाढून आठ पौंडांच्या घरात गेला. तो खांबावर बसे, चाले, पिसे साफ करण्यासाठी मान वळवी, आरवायचा प्रयत्न करी. गळ्यातून नुसती घरघर येई.

आता कुऱ्हाडीने नेमके काय गेले ते पाहू. कोंबड्याचे डोके म्हणून आपण जे ओळखतो ते मुख्यतः चेहरा असतो: चोच, डोळे, तुरा, कल्ले. पक्ष्यांचे डोळे त्यांच्या डोक्याच्या मानाने अतिशय मोठे असतात. कवटीचा पुढचा बराच भाग डोळ्यांच्या खोबण्यांनीच व्यापलेला असतो. त्यामुळे मेंदूला जागा उरते ती मागे, डोळ्यांच्या पाठीशी, आणि तोही आडवा न बसता तिरका बसलेला असतो. त्याचा सर्वांत खालचा, मागचा भाग मानेच्या वरच्या टोकाला अगदी भिडलेला. लॉइड यांचा घाव नेहमीपेक्षा वर बसला. चोच, चेहरा, डोळे आणि एक कान गेला. दुसरा कान आणि कवटीचा मागचा भाग मानेवर राहिला. न्यूकॅसल विद्यापीठातील टॉम स्मल्डर्स हे पक्ष्यांच्या मेंदूचा अभ्यास करतात. त्यांच्या अंदाजाने माईकच्या मेंदूचा वजनाने सुमारे ऐंशी टक्के भाग शाबूत होता. लोक ज्याला बिनडोक्याचा कोंबडा म्हणून पाहायला येत होते, तो खरे तर बिनचेहऱ्याचा कोंबडा होता.

या उरलेल्या भागात सर्वांत महत्त्वाचा तो मस्तिष्कस्तंभ, डॉक्टर ज्याला ब्रेनस्टेम म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा हा देठ. श्वास घ्यायचा, सोडायचा, हृदयाची गती राखायची, रक्तदाब सांभाळायचा, गिळायचे, अशी सगळी न दिसणारी कामे इथून चालतात. कोंबडीला माणसासारखा छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नसतो. फासळ्या आणि छातीचे हाड हलवणाऱ्या स्नायूंवर तिचा श्वास अवलंबून असतो, आणि त्या स्नायूंना हुकूम येतो तो मस्तिष्कस्तंभातून. हुकूम थांबला की श्वास थांबला. माईकच्या बाबतीत हा हुकूम देणारा जागेवर होता. उरला रक्तस्रावाचा प्रश्न. कुऱ्हाड गळ्यातील मोठ्या शिरेला चुकली आणि जखमेवर रक्ताची गुठळी वेळेत बसली, म्हणून तो रक्त वाहून मेला नाही. हा दुहेरी योगायोग होता. पैशाच्या आशेने पुष्कळांनी आपापल्या कोंबड्यांवर असाच प्रयोग करून पाहिला; कोणाचीही एक-दोन दिवसांपलीकडे जगली नाही. या प्रयोगांत किती कोंबड्या विनाकारण हालहाल होऊन गेल्या असतील याचा हिशेब जत्रेतल्या कोणी ठेवला नाही.

मग आपण प्रत्यक्ष पाहतो ते काय असते? म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात चिकनच्या दुकानापुढे उभे राहिलेल्या कोणालाही तो आवाज परिचित आहे. दुकानदार गळा कापून कोंबडी पिंपात टाकतो आणि आतून पंखांची धडपड ऐकू येते. कधी पिंपच हलते. लहान मुले विचारतात, ती अजून जिवंत आहे का? या प्रश्नाचे उत्तर सरळ हो किंवा नाही असे देता येत नाही, पण जवळपास जाता येते. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, आणि मेंदू प्राणवायूविना फार वेळ भान टिकवू शकत नाही. काही सेकंदांत भान हरपू लागते. त्यानंतरची फडफड ही बहुतांशी मज्जारज्जूची असते.

इथे थोडे थांबायला हवे. पाय उचलणे, टाकणे, पंख वर-खाली मारणे या लयबद्ध हालचालींची मांडणी मेंदूत नसून मज्जारज्जूत असते. टॉमस ग्रॅहम ब्राउन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९११ साली मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की मेंदूशी संबंध तोडलेला मज्जारज्जू, बाहेरून कोणतीही सूचना न मिळता, चालण्याची लय स्वतःच निर्माण करू शकतो. मेंदूचे काम सुरू करणे, थांबवणे, आवरणे. घरातला कर्ता माणूस अचानक नाहीसा व्हावा आणि सगळ्या पोरांनी एकदम गोंधळ घालावा तसे मज्जारज्जूचे होते: वरचा आवर सुटतो आणि खालची मंडले बेबंद चालू लागतात. पक्ष्यांमध्ये ही मंडले विशेष समर्थ असतात, कारण उडताना पंखांचा आणि जमिनीवर पायांचा तोल सांभाळण्याचे बरेच काम तिथेच होते. म्हणून मान पूर्ण तुटलेली कोंबडी उठून चार पावले धावूही शकते. मात्र तिला श्वास घ्यायला सांगणारे कोणी उरलेले नसते, रक्त वाहून जात असते, आणि मिनिटभराच्या आसपास सारे शांत होते. ती धाव म्हणजे पळून जाण्याचा प्रयत्न नव्हे. पळायचे कोणापासून हे ठरवणारा भाग तोवर बंद पडलेला असतो. पिंपाजवळ उभ्या असलेल्या मुलाला एवढे सांगायला हरकत नाही. गळा कापण्यापूर्वीच्या क्षणांत, आणि कापल्यावर भान टिकते त्या काही सेकंदांत, तिला जे होते ते मात्र खरेच होते, आणि पुष्कळ देशांत कत्तलीपूर्वी पक्ष्याला विजेच्या धक्क्याने बेशुद्ध करण्याची पद्धत आली ती यासाठीच.

माईकच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी फ्रान्समध्ये प्येर फ्लूरांस या शास्त्रज्ञाने हाच प्रश्न पद्धतशीरपणे हाताळला होता. १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने कबुतरे आणि कोंबड्या यांच्या मेंदूचे एकेक भाग काढून केलेल्या प्रयोगांचे वर्णन केले आहे. आज वाचताना अंगावर काटा येतो. मोठा मेंदू काढलेले कबूतर उभे राही, हवेत फेकले तर उडे, चोचीत दाणा घातला तर गिळी. पण समोर धान्याची रास असली तरी आपण होऊन एक दाणा टिपत नसे. अशी एक कोंबडी त्याने दहा महिने भरवून जगवली. लहान मेंदू काढला तर हालचाल राही, तिचा मेळ जाई. आणि लंबमज्जेतील, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या टोकातील, एका इवल्याशा जागी इजा केली की प्राणी तत्क्षणी श्वास थांबून मरे. त्या जागेला फ्लूरांसने ‘प्राणग्रंथी’ अशा अर्थाचे नाव दिले. ऑल्सन यांना फ्लूरांसचे नाव माहीत असण्याचे कारण नाही, पण त्यांच्या अंगणात नकळत तोच प्रयोग झाला आणि तोच निष्कर्ष निघाला.

माणसाच्या बाबतीत असे काही होऊ शकते का, हा प्रश्न यानंतर हमखास येतो. आपल्या पुराणांत आणि इतिहासकथांत धडाने लढण्याची परंपरा मोठी आहे. रामायणातला कबंध राक्षस तर नावानेच बिनशिराचे धड. पुरंदरच्या वेढ्यात १६६५ साली मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले, तेव्हा शिर उडाल्यावरही त्यांचे धड तलवार चालवत राहिले, ही आख्यायिका महाराष्ट्रात आणि गोव्यातही ऐकत आपण मोठे झालो. त्या शौर्याला आख्यायिकेची गरज नाही, आणि शरीरशास्त्र तिला दुजोरा देत नाही. माणसाचा मज्जारज्जू कोंबडीच्या मज्जारज्जूइतका स्वतंत्र नसतो. दोन पायांवर ताठ चालणे हे मेंदूच्या सततच्या देखरेखीवर उभे असते. मानेत मज्जारज्जू तुटला की माणसाचे स्नायू आधी लुळे पडतात, प्रतिक्षिप्त क्रियाही काही काळ थंडावतात. धड कोसळते.

झुरळाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, आणि घराघरांत पडताळता येण्यासारखी. डोके तुटलेले झुरळ काही आठवडे जगू शकते. त्याला श्वासासाठी नाक-तोंड लागत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते, आणि ती छिद्रे उघडायला डोक्याच्या परवानगीची गरज नसते. त्याच्या रक्ताला आपल्यासारखा दाब नसतो, त्यामुळे मान तुटली तरी रक्ताची धार लागत नाही, जखम लवकर बुजते. प्रत्येक खंडाला स्वतःची चेतागाठ असते. शेवटी ते मरते ते तोंडाअभावी, तहानेने आणि भुकेने. कोणाचा जीव डोक्यात किती आणि अंगात किती, याची वाटणी निसर्गाने सर्वांना सारखी केलेली नाही.

माणसात ही वाटणी कुठे आहे, हा प्रश्न गोव्याच्या कायद्याशीही जोडलेला आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने १९९४ साली केला, तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधानसभांनी तसा ठराव केल्यानंतर, आणि प्रारंभी तो याच तीन राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना लागू होता. या कायद्याने मृत्यूच्या व्याख्येत हृदय आणि श्वास थांबण्याबरोबरच मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूला स्थान दिले. अपघातात डोक्याला मार लागून किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन एखाद्याचा मस्तिष्कस्तंभ कायमचा निकामी होतो, तेव्हा त्याचा चेहरा जसाच्या तसा असतो. व्हेंटिलेटरमुळे छाती वर-खाली होत असते. हृदयाला स्वतःची लय असल्याने ते प्राणवायू मिळेपर्यंत धडधडत राहते. अंग कोमट असते. कधी हात किंचित उचलला जातो, बोटे हलतात. आणि खाटेशेजारी उभ्या असलेल्या आईला किंवा पत्नीला डॉक्टर सांगतात, की ते आता नाहीत.

कोंबड्याच्या गोष्टीला ही गोष्ट जोडणे काहींना खटकेल. पण माईकपाशी चेहरा नव्हता आणि मस्तिष्कस्तंभ होता, म्हणून तो जिवंत होता. या रुग्णापाशी चेहरा आहे आणि मस्तिष्कस्तंभ नाही. हात हलतो तो मज्जारज्जूच्या जोरावर, त्याच कारणाने ज्या कारणाने पिंपात पंख फडफडतात. नातेवाइकांना सर्वांत अधिक छळते ती ही हालचाल. ‘त्यांनी बोट हलवले, मी पाहिले’ हे वाक्य अतिदक्षता विभागात कोणी खोटे बोलत म्हणून येत नाही. बोट खरेच हललेले असते.

म्हणून कायद्याने हा निर्णय एका डॉक्टरवर सोडलेला नाही. चार डॉक्टरांचे मंडळ तो देते, त्यांत उपचार करणारा डॉक्टर असतो आणि मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यविशारद असतो. असा तज्ज्ञ उपलब्ध नसेल तर प्रत्यारोपण करणाऱ्या पथकाशी संबंध नसलेला अन्य डॉक्टर. चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा केल्या जातात. डोळ्यांवर प्रकाश टाकून बाहुली आकसते का पाहतात, बुबुळाला कापसाने स्पर्श करतात, कानात थंड पाणी सोडून डोळे हलतात का पाहतात, घशाला नळी लावून खोकला येतो का तपासतात. शेवटची परीक्षा श्वासाची. व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला करतात, प्राणवायू देत राहतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. मस्तिष्कस्तंभाचा एक कणही जागा असेल तर या अवस्थेत श्वास ओढला जातो. कोमा किंवा दीर्घकाळची जाणीवशून्य अवस्था वेगळी: तिथे रुग्णाला भान नसते, पण मस्तिष्कस्तंभ काम करीत असतो, श्वास बहुधा स्वतःचा असतो, आणि कायद्याच्या तसेच वैद्यकाच्या दृष्टीने तो जिवंत असतो. बातम्यांत ‘ब्रेन डेड’ आणि ‘कोमा’ हे शब्द एकमेकांच्या जागी पडतात तेव्हा गोंधळ वाढतो. आम्हा मजकूर तपासणाऱ्यांनी तरी ते वेगळे ठेवायला हवेत.

माईकला काय जाणवत होते, हे ठरवणे अधिक कठीण आहे. मेंदूचा जितका भाग उरला होता असे स्मल्डर्स मानतात, तो पाहता त्याला भूक लागत असणार, आणि वेदना मुळीच नव्हत्या असे खात्रीने म्हणण्यास आधार नाही. जत्रेतल्या लोकांनी त्याच्या वाढत्या वजनाला सुखाचे प्रमाणपत्र मानले. ऑल्सन कुटुंबाची मात्र स्थिती पालटली. घोडा आणि खेचर यांच्या जागी शेतावर ट्रॅक्टर आले, गवताच्या पेंढ्या बांधणारे यंत्र आले.

मार्च १९४७ मध्ये दौऱ्यावर असताना ते ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात एका मोटेलमध्ये उतरले होते. रात्री कोंबड्याच्या गळ्यातून गुदमरल्याचा आवाज येऊ लागला. श्वासनलिकेच्या तोंडाशी द्रव साचला होता. तो ओढून काढायची पिचकारी खेळाच्या जागी विसरली होती, आणि दुसरे काही हाताशी येण्यापूर्वी कोंबडा गेला. श्वास घे म्हणून सांगणारा मस्तिष्कस्तंभ शेवटपर्यंत काम करीत होता. हवेला आत जायला वाट उरली नव्हती. फ्रूटा गावात १९९९ पासून माईकच्या नावाने वार्षिक उत्सव भरतो. लॉइड ऑल्सन मात्र त्या रात्रीविषयी कितीतरी वर्षे बोलले नाहीत. कोंबड्याचे काय झाले असे कोणी विचारले, की आपण तो विकून टाकला, एवढेच ते सांगत.